चार नंबरच्या बेडवरून पाहिलेला फुटबॉल

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, आठवड्यातले तीन दिवस मी सकाळी सातला जळगावातल्या एका दवाखान्यात डायलिसिससाठी जाते. माझ्या किडन्यांनी काम थांबवलं, तेव्हापासून त्यांचं काम मशीन करतं. डाव्या हातात दोन जाड सुया टोचतात, रक्त एका नळीतून बाहेर जातं, गाळून दुसरीतून परत येतं. चार तास तो हात हलवायचा नाही. शाळेने मला दुपारचे तास दिलेत, म्हणून नोकरी टिकली. मी आठवी ते दहावीला गणित शिकवते.

माझा बेड तीन नंबरचा. दोन नंबरवर एक रिक्षावाले भाऊ असतात. मूळचे धुळ्याकडचे, आता जळगावातच मेहरूणला राहणारे. पहिल्या महिन्यात आम्ही एकमेकांशी फारतर वजनाबद्दल बोललो असू. दोन डायलिसिसच्या मध्ये पाण्याचं किती वजन चढलं, हा तिथला नेहमीचा विषय. मग एका सोमवारी मी मोबाईलवर आदल्या रात्रीच्या मॅचचे गोल बघत होते आणि भाऊ मान वळवून म्हणाले, “मॅडम, तो दुसरा गोल ऑफसाईड होता. तुमच्या लोकांना रेफ्री फुकटात मिळतो.”

तिथून आमचं भांडण सुरू झालं. इंग्लंडमधले दोन क्लब. माझा आकाशी जर्सीवाला, भाऊंचा लाल. क्लबांची नावं आम्ही क्वचितच घ्यायचो. आकाशी आणि लाल एवढंच पुरे. सोमवारी भांडण आदल्या मॅचवरून, बुधवारी कोणाचा फॉर्म गेला यावरून आणि शुक्रवारी येत्या मॅचला कोणाला बसवावं यावरून. आवाज चढला की ब्लडप्रेशर चढायचं आणि मशीन बीप करायचं. मशीन सांभाळणारा पिंपळनेरचा टेक्निशियन येऊन सांगायचा, “सर, मॅडम, जरा हळू. रीडिंग बघा तुमचं.” भाऊ तापले की अहिराणीवर यायचे. “मॅडम, तुमना सहा नंबर निस्ता हुभा शे. बठ्ठा खेळ त्याच्यामुळे मंदावतो.” म्हणजे नुसता उभा असतो, सगळा खेळ मंदावतो.

चार नंबरवर अक्का होत्या. रावेरकडच्या, साठी ओलांडलेल्या. नवरा गेल्यावर केळीची बाग त्यांनी स्वतः सांभाळली होती. आता डॉक्टरांनी त्यांना केळं तोंडाला लावायचं नाही असं सांगितलेलं. केळ्यातलं पोटॅशियम आम्हा लोकांना चालत नाही. पहाटे पुतण्याच्या गाडीत बसून यायच्या आणि चार तास भिंतीकडे तोंड करून पडायच्या. दोन महिने त्या आमच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मला वाटायचं, त्यांना आमचा त्रास होतो. मी एकदा तसं विचारलंही. त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

मग एका बुधवारी, भाऊ आणि मी ऑफसाईडवरूनच हुज्जत घालत असताना, भिंतीकडून आवाज आला. “कायले एवढे भांडता रे? ते ऑफसाईड म्हणजे काय, हे तरी सांगा एखादे वेळी.”

माझ्या आणि अक्कांच्या बेडमध्ये एक छोटं टेबल होतं. उजव्या हाताने मी त्यावर मैदान मांडलं. थर्मामीटरची डबी हा गोलकीपर. चार मारी बिस्किटं म्हणजे राखणारे खेळाडू. कापसाचा एक बोळा म्हणजे गोल करायला आलेला, दुसरा बोळा त्याला पास देणारा, आणि औषधाची एक गोळी म्हणजे चेंडू. मी सांगितलं, पास देण्यासाठी पाय चेंडूला लागतो त्या क्षणी हा पुढचा गडी या चारही बिस्किटांच्या पलीकडे गेलेला असेल, तर त्याने केलेला गोल धरत नाहीत. निदान एक बिस्किट त्याच्या बरोबरीला किंवा त्याच्या आणि गोलकीपरच्या मध्ये हवं.

अक्का कुशीवर वळून टेबलाकडे बघत राहिल्या. मी दोनदा विचारलं, समजलं का. टेक्निशियन येऊन प्रेशर बघून गेला. बऱ्याच वेळाने त्यांनी मोकळा हात लांब केला आणि चारही बिस्किटं एका रांगेत, बोटभर पुढे सरकवली. गोल करायला आलेला कापसाचा बोळा मागे एकटा उरला.

“म्हणजे राखणाऱ्यांनी ठरवून एकदमच पाऊल पुढे टाकलं,” त्या सावकाश म्हणाल्या, “तर हा गडी जागेवर उभ्या उभ्या चोर ठरला. त्याले हातही लावायचं काम नाही.”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. हा डाव जगातले मोठे संघ वर्षानुवर्षं खेळतात. भाऊ पंधरा वर्षं मॅच बघत होते, मी त्याहून जास्त, आणि आम्हाला दोघांनाही तो कोणीतरी सांगितला म्हणून कळला होता. अक्कांनी त्या दिवसापर्यंत एकही मॅच पाहिलेली नव्हती. शिक्षण चौथीपर्यंत. मी बावीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. न शिकवलेली पायरी आपली आपण चढलेलं मूल मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं भेटलंय, आणि दर वेळी अंगावर काटा आलाय. त्या दिवशी तसाच आला.

“अक्का, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“तूच तर सांगितलं आता,” त्या म्हणाल्या. “पण एकजण जरी मागे राह्यला तर बठ्ठं वाया जाईल. नाही का?”

मी हो म्हटलं. त्यांनी एक बिस्किट खाल्लं.

त्यानंतर भाऊ येताना मोबाईलवर पूर्ण मॅच उतरवून आणू लागले. टेक्निशियन तो मोबाईल सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीने अक्कांच्या डोळ्यांसमोर बांधून द्यायचा. त्या आवाज बंद करायला लावायच्या. सुरुवातीला मला वाटलं, त्यांना गोल बघायचे असतील. पण गोल झाला तरी त्यांच्या चेहऱ्यावर फारसं काही दिसत नसे. त्या दुसरंच काहीतरी बघत असत, आणि ते काय हे विचारल्याशिवाय सांगत नसत.

त्या हिवाळ्यात आमच्या आकाशीचा खेळ बिघडला. लागोपाठ तीन मॅच हातच्या गेल्या आणि सगळं खापर सहा नंबरवर फुटलं. हा मधल्या फळीतला, संघाचा कप्तान. गोल करत नाही, पळतही फार नाही. मागून चेंडू घेतो आणि पुढे देतो. भाऊंचं म्हणणं, म्हातारा झाला, काढा त्याला. मी त्याची बाजू घ्यायची सोडून दिली होती. मीच म्हटलं, फॉर्म गेला त्याचा. चुकीचे पास देतोय, मागून कोणीही येऊन चेंडू काढून नेतं.

“फॉर्म म्हणजे काय?” अक्कांनी विचारलं.

“म्हणजे अक्का, हात बसलेला असतो ना, तसं. कधी बसतो, कधी जातो.”

“हात असा जात नाही,” अक्का म्हणाल्या. “काहीतरी झालेलं असतं.” मग त्यांनी भाऊंना दोन महिन्यांपूर्वीची एखादी मॅच लावायला सांगितलं आणि तिच्यामागोमाग परवाची. दोन्ही मिळून तासभर पाहिल्या. आम्ही डुलक्या काढत होतो.

“भाऊ,” त्यांनी हाक मारली. “तू रिक्षा वळवतो तेव्हा आधी आरशात पाह्यतो की वळल्यावर?”

“आधी.”

“हा पण आधी पाह्यत होता. चेंडू याच्याकडे यायच्या आधी हा दोनदा मान वळवून मागे पाहे. बाकीचे चेंडू आल्यावर पाह्यतात. म्हणून याले पळायचं काम पडत नव्हतं. परवाच्या खेळात यानं डाव्या अंगाले एकदाही मान वळवली नाही. सगळं अंग घेऊन वळतो. याची मान नाहीतर पाठ दुखते. लपवून ठेवतोय तो.”

भाऊ हसले. चेष्टेने नव्हे, पण हसले. “अक्का, तिथे दहा दहा डॉक्टर असतात त्यांच्यामागे. मशिनं असतात.”

“असतील,” अक्का म्हणाल्या. “माझ्या मळ्यात एक गडी असाच वळायचा. घड खांद्यावर घेताना. मालकीण घरी पाठवेल म्हणून सांगत नव्हता.”

मी घरी जाऊन ती मॅच परत लावली. मान वळवणं हे बघायचं असतं, हे एकदा कळल्यावर दुसरं काही दिसेना. दर वेळी तो खांद्यासकट वळत होता, पेटीसारखा. मी इतकी वर्षं चेंडू बघत आले होते.

नऊ-दहा दिवसांनी बातमी आली. कप्तान पाठीच्या दुखण्यामुळे काही आठवडे खेळणार नाही. बरेच दिवस दुखत होतं, त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी भाऊ माझ्या आधी येऊन बसले होते. सुया टोचायच्या आधी उठून चार नंबरपाशी गेले आणि मोबाईलवरची बातमी त्यांनी अक्कांना शब्दन्‌शब्द वाचून दाखवली. अक्कांनी ऐकली.

“बरं झालं सांगितलं त्यानं,” त्या म्हणाल्या. “आता शेकेल तरी कोणी.”

भाऊ परत बेडवर येऊन पडले. त्या दिवशी ते लालबद्दल काही बोलले नाहीत. मधेच एकदा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, आपण इतके दिवस काय पाहत होतो?”

उन्हाळ्याच्या तोंडावर जळगावात स्थानिक संघांची स्पर्धा होती. अक्कांना खरं मैदान दाखवायचं, ही कल्पना भाऊंची. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी अंगात जरा बळ असतं, म्हणून शनिवार ठरला. अक्का शुक्रवारी जळगावातल्या एका पुतणीकडे राहिल्या. भाऊंनी रिक्षात मागे गादी टाकली, मी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली घेतली. किडन्या बंद असल्या की पाणी मोजून प्यायचं, आम्हा तिघांना मिळून तेवढंच चालत होतं. जळगाव विरुद्ध धुळे अशी मॅच होती. बघायला शंभरएक माणसं. बसायला जागा म्हणजे कडेचा सिमेंटचा कट्टा.

अक्का रिक्षातून उतरल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर ओढला आणि एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत सावकाश नजर फिरवली. परत उलटी फिरवली.

“हे एवढं असतं?” त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अक्कांनी आजवर हा सगळा खेळ तळहाताएवढ्या काचेत पाहिला होता. त्यांच्या मनातलं मैदान तेवढंच होतं.

त्यांनी कट्ट्यावर बसायला नकार दिला. रेषेच्या बाहेरून, काठाकाठाने, त्या चालायला लागल्या. मी बरोबर गेले. मॅच सुरू झाली होती. त्या पावलं मोजत होत्या. ओठ हलत होते. कोपऱ्यात थांबून दम घेतला, मग रुंदीची पावलं मोजली. “पावणेदोन एकर,” त्या म्हणाल्या. “अडीच हजार खोडं बसतात एवढ्यात. आणि राखायला अकराच?”

त्याच वेळी धुळ्याच्या मुलांनी चेंडू घेऊन आमच्या बाजूने मुसंडी मारली. एकजण आमच्यापासून दोन हातांवरून गेला. बुटांचा आवाज, श्वासाचा आवाज, आणि ते एकमेकांना देत असलेल्या हाका. “मागे माणूस”, “सोड”, “एकटा आहेस”, “वळ, वळ.” जळगावचा गोलकीपर तर सारखा बोलतच होता, नाव घेऊन एकेकाला सरकवत होता.

अक्कांनी माझा दंड धरला. “हे बोलतात?”

“हो अक्का. सगळा वेळ.”

“मोबाईलमध्ये ऐकू येत नाही ते.”

त्यांचे डोळे भरले होते. उन्हाने असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण त्या ते पुसतही नव्हत्या. उरलेला सगळा वेळ त्या त्याच कोपऱ्यात होत्या, बराच वेळ उभ्याच. मी खूप आग्रह केला तेव्हा भाऊंनी रिक्षातली गादी आणून टाकली आणि त्या खाली बसल्या. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. जाताना अक्का एवढंच म्हणाल्या, “मी बागेत गड्यांना बोलू देत नव्हते. काम हळू होतं म्हणून. चूक झाली ती.”

पावसाळ्यानंतर अक्कांच्या गावाजवळ, तालुक्याला डायलिसिसची सोय झाली. दीड तासाचा प्रवास वीस मिनिटांवर आला. आम्ही त्यांना जाच म्हटलं. न म्हणून कसं चालेल. शेवटच्या शुक्रवारी भाऊंनी त्यांच्यासाठी एक साधा स्मार्टफोन आणला होता, स्वतःचा जुना, मॅच भरून. टेक्निशियनने तो लावायला शिकवलं. निघताना अक्कांनी मला जवळ घेतलं आणि भाऊंना पाया पडू दिलं नाही.

आता चार नंबरवर एक निवृत्त पोस्टमास्तर असतात. पेपर वाचतात. भाऊ आणि मी अजूनही भांडतो, पण पूर्वी बोलायचो तसं छातीठोकपणे दोघांनाही बोलवत नाही. एखाद्याला संघातून काढा म्हणण्याआधी भाऊ थांबतात. मीही थांबते. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांकडेही मी हल्ली जास्त वेळ बघते.

सोमवारी साधारण आठला अक्कांचा फोन येतो. त्याही तिकडे मशीनवर असतात, इकडे आम्ही. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतो. गेल्या सोमवारी आकाशीच्या नव्या गोलकीपरवरून आमचं जुंपलं. मी म्हणत होते, तो गोल सोडून फार पुढे येतो. अक्का म्हणत होत्या, तो येतो म्हणूनच बाकीचे वर चढू शकतात. वीस मिनिटं मी एकेक मॅच काढून दाखला देत होते आणि त्या प्रत्येक दाखला शांतपणे उलटवत होत्या. भाऊ मधून मधून त्यांनाच दुजोरा देत होते. तेवढ्यात तिकडून मोठा बीपचा आवाज आला.

“थांब बाई,” अक्का म्हणाल्या, “माझं मशीन बोंबलतंय.” आणि फोन बंद झाला.