आई कोणत्या बाजूची?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चंद्रपूरपासून जवळच. परिपाठाला रोज एक मूल बातम्या वाचतं आणि त्या कोणत्या वाचायच्या ते मी ठरवते. शाळेत दोन पेपर येतात. एकात अमुक जास्त, दुसऱ्यात तमुक जास्त, हे मला मथळ्यावरून कळतं, असं मी स्टाफरूममध्ये मोठ्या तोऱ्यात सांगायची. त्या पावसाळ्यात माझ्या आईचीच बातमी आली आणि तोरा कुठल्या कुठे गेला.

आई गडचिरोली जिल्ह्यात, आमच्या गावी राहते. वडील गेल्यापासून धानाची शेती ती आणि माझा धाकटा भाऊ बघतात. गावाच्या मागे टेकडी आहे आणि तिथे खाण काढायची असं चाललं होतं. त्यासाठी जनसुनावणी झाली. मंडप, खुर्च्या, साहेब लोक, माइक, सगळं आलं. आई आयुष्यात पहिल्यांदा माइकवर बोलली. मी शाळेत होते, मला जाता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला पेपर उघडला तर आई! डोक्यावर पदर, हातात माइक, आणि वर ठळक मथळा : ‘पोरांना काम द्या, खाणीला महिलांचा पाठिंबा’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चंद्रपूरची धूळ मी रोज खाते, खाण म्हटली की माझं डोकं आधीच फिरतं. तिथल्या तिथे फोन लावला.

“काऊन वो माय, तू खाणीच्या बाजूनं बोलली?”

“मी कवा बोलली?” आई म्हणाली. “ज्याले पाह्यलं तो हेच इचारून राह्यला.”

तेवढ्यात आमच्या शिपाईभाऊंनी दुसरा पेपर आणून टेबलावर टाकला. त्यातही आईच. फोटो तोच, पदर तोच. मथळा : ‘टेकडी देणार नाही, महिलांनी ठणकावले’. मी फोन कानाला लावून तशीच उभी. पलीकडून आई “हॅलो, हॅलो” करते आहे आणि मी दोन्ही पेपर शेजारीशेजारी पसरते आहे. दोन्ही बातम्या पुन्हा पुन्हा वाचल्या. दोन्हीत अवतरणचिन्हात आईची वाक्यं होती आणि दोन्हीकडची वाक्यं आईचीच वाटत होती. तिच्या बोलण्याची ढब मी ओळखते हो! त्या दिवशी परिपाठाला मी बातम्याच वाचू दिल्या नाहीत, सुविचारावर भागवलं.

आठवड्याभरात आईचा फोन आला. आवाज बसलेला.

“रोवणीले कोनी येऊन नाई राह्यलं.”

आमच्याकडे बायका आळीपाळीने एकमेकींच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोपं लावायची रोवणी करतात. आज हिच्या, उद्या तिच्या. आणि पुढे कोण असायचं, तर माझी आई. तिचा हात झपाझप चालतो म्हणून बाकीच्या तिच्या मागे चालायच्या. आता ज्यांना खाण नको त्यांनी पहिला पेपर पाहिला होता, ज्यांना खाण हवी त्यांनी दुसरा पाहिला होता. ज्याला जे टोचलं ते त्याने मोबाइलवर गावभर फिरवलं. दोन्हीकडच्या बायकांनी आईशी बोलणं टाकलं. भावाने चिखलणी करून ठेवली होती, बांधीत पाणी होतं, पण पऱ्हे नर्सरीतच म्हातारे होत चालले होते. भाताची रोपं एकदा म्हातारी झाली की फुटवे धरत नाहीत. वर्षाचं धान हातचं जाणार, हे आई बोलली नाही, पण त्यासाठीच तिने फोन केला होता.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन्ही कात्रणं पर्समध्ये टाकली आणि आमच्या गावच्या तालुक्याची बस धरली. पहिल्या पेपरच्या वार्ताहराचा पत्ता विचारला. झेरॉक्सचं दुकान होतं त्याचं. आत शिरले ती भांडायच्याच तयारीने.

“ही बातमी तुमीच देल्ली ना?” मी कात्रण काउंटरवर आपटलं.

“हो ताई.”

“आन मंग ही कोनं देल्ली?” दुसरं आपटलं.

त्याने मान खाजवली. “ते बी मीच.”

घ्या! एकच माणूस, एकच दुकान, दोन पेपर. मला हसावं की त्याच्या डोक्यात स्टेपलर घालावा ते कळेना. तो मात्र शांत. म्हणाला, एका पेपरवर घर चालत नाही, तालुक्यात सगळेच असं करतात. मोबाइल काढून त्याने पाठवलेला मजकूर दाखवला. दोन्हीकडे शब्दाला शब्द तोच गेला होता. त्यात आईची टेकडीही होती आणि काम मागणारी पोरंही होती. वरच्या लोकांनी एकीकडून टेकडी कापली, दुसरीकडून पोरं कापली, आणि मथळे चढवले.

“पहिल्या पेपरात बाजूले जाहिरात कोनाची हाय ते पाह्यलं का?” त्याने विचारलं. मी पाहिलं नव्हतं. त्याने अख्खा अंक उलगडला, तर बातमीला चिकटूनच खाणवाल्यांची अर्ध्या पानाची जाहिरात होती. मथळ्यावरून बातमी ओळखणारी मी!

“म्हंजे दुसरा पेपर खरा,” मी म्हटलं. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

“तसं बी नाई ना ताई. त्याच्या मालकाच्या साळ्याले खाणवाल्याइकडून ट्रकचं काम पायजे होतं. नाई भेटलं.”

मग खरं कोण? मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, “खोटं तं कोनीच नाई लिवलं.” एवढा राग आला मला, पण धरू कोणावर? शेवटी मी त्याला दोन्ही पेपरांत खुलासा छापून आणायला सांगितलं, आईच्या भाषणाचं रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि गावी गेले.

रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर बायकांना बोलावलं. मास्तरीण बोलावते म्हणून आल्या, पण दोन घोळके करून बसल्या. आई मध्ये, हनुवटीला हात लावून. मी मोबाइलचा आवाज वाढवला.

“मी लहानपनापासून त्या टेकडीवर जातो,” आईचा आवाज आला. “बांबूचे वास्ते तिथचे, मोहफूल तिथचं, सरपन तिथचं. ते गेलं तं आमी का खाव? पन माया पोरगा दरसाल मिरची तोडाले तेलंगनात जाते. त्याले घरी काम पायजे. हे बी खरं हाय.”

“आयकलं?” आमच्या शेजारची काकू उसळली. तिला खाण नको होती. “काम पायजे म्हनली का नाई?”

“आन टेकडी गेली तं का खाव, हे कोन म्हनलं?” दुसऱ्या घोळक्यातून उत्तर आलं.

झालं! जिला जे टोचत होतं तेच तिने ऐकलं. मी मोठ्या शहाणपणाने पुरावा घेऊन आले होते आणि त्याच पुराव्यावर दोन्ही बाजू भांडत होत्या. त्या गलक्यात रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं, आणि मी मोबाइल कानाशी नेला म्हणून तेवढं मला ऐकू आलं.

“साहेब, टेकडी बी राहीन आन पोरगं बी घरी राहीन, असं काई होते का? तेवढं सांगा मले.”

मग माइकवरून एक पुरुषी आवाज : “आपला मुद्दा नोंदवला आहे. पुढचं नाव घ्या.”

मी घाईघाईने दोन्ही कात्रणं काढून पाहिली. हा प्रश्न एकातही नव्हता. त्या वार्ताहराच्या मूळ मजकुरातही नव्हता. बायका तोवर उठून गेल्या होत्या.

“माय,” मी विचारलं, “पन तू नेमकी कोनत्या बाजूची?”

“मले मालूम असतं तं त्याइले इचारलं असतं का?” ती चिडून म्हणाली आणि पदर खोचून घराकडे निघाली.

सोमवारी मी रजा टाकली. आई आणि मी, दोघीच बांधीत उतरलो; भाऊ पऱ्ह्यांच्या पेंढ्या आणून टाकत होता. माझी सवय सुटलेली, कंबर भरून आली, रांग वाकडी जात होती. ऊन चढल्यावर बांधावर कोणीतरी उभं दिसलं. शेजारची काकू. “रोवाले आली, बोलाले नाई,” असं म्हणून ती पलीकडच्या टोकाला उतरली. बाकी कोणी आलं नाही. तीन बायकांनी किती बांध्या होणार? आईचे हात चालत होते, पण ती आज कोणाच्याच पुढे नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. वार्ताहर.

“ताई, काम झालं! पेपरवाले खुलासा छापतो म्हनते. पन एका ओळीत द्या. आई बाजूनं का विरोधात?”

मी तोंड उघडलं. ‘विरोधात’ हा शब्द अगदी जिभेवर होता, माझ्या. पण तो आईचा नव्हता. मी फोन जरा बाजूला धरला आणि आईला त्याचा निरोप सांगितला.

आईने वरही पाहिलं नाही. “त्याले म्हन, मी सायबाले इचारलं होतं. सायबानं उत्तर देल्लं का नाई, तेवढं छाप.”

मी ते त्याला शब्दाला शब्द सांगितलं.

“उत्तर तं आलंच नाई ना ताई,” तो म्हणाला. “मंग बातमी कायची?”

फोनचा आवाज मोठा होता. आईला ते ऐकू गेलं. “तेच तं छाप म्हन त्याले,” ती म्हणाली आणि पुढचा पऱ्हा चिखलात खोचला.