अंगणाचा ढाळ

आमच्या उमेळ्याच्या घरी पाहुणा आला की त्याला चहाच्या आधी ढाळ बघावा लागे. वडील पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर उभे राहत आणि अंगणातल्या फरशीवर पाणी ओतत. ते कुठेही न रेंगाळता, विहिरीला वळसा घालून फाटकाबाहेरच्या गटारात जाई. "एक थेंब थांबणार नाही," वडील म्हणत. पाहुण्याने मान डोलावली की मगच आतून चहा यायचा.

हे घर नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बांधलं. त्याआधी आम्ही परळला चाळीत, तळमजल्यावर राहत होतो. पावसाळ्यात गटाराचं पाणी उंबऱ्याशी येई आणि वडील गोणपाटं लावून त्याच्याशी झुंजत. चिखलाशी त्यांचं जुनं वैर होतं. उमेळ्यात एका वाडीतला तुकडा मिळाला, त्यात थोड्या केळी आणि एक जुनी, दगडी बांधकामाची विहीर. भिंती गवंड्याने उभ्या केल्या. दारं-खिडक्या मुंबईत पाडलेल्या कुठल्याशा बंगल्याच्या होत्या. त्यातली एक खिडकी इतकी ऐसपैस निघाली की तिच्यापायी स्वयंपाकघर वाढवावं लागलं.

अंगणाला मात्र वडिलांनी गवंड्याला हात लावू दिला नाही. कामणहून खडीचा टेम्पो आला, जुन्या शहाबादी लाद्या आल्या, आणि प्रत्येक सुटीला वडील लुंगी खोचून, दोरी ताणून, पाणसळ लावून एकेक लादी बसवू लागले. आई सिमेंट कालवी, मी फटी भरी. मोगऱ्यासाठी कुंपणाकडेला हातभर माती सोडा म्हणून आईने हट्ट धरला. तीही त्यांनी इतक्या नाखुशीने सोडली की आम्हा दोघींना हसू आवरेना.

आई मुंबई सोडायला राजी झाली ती त्या विहिरीमुळे. पाणी असं गोड की तूरडाळ बघता बघता शिजायची. तिचं ते कौतुक संपतच नसे.

काही वर्षांनी डाळ शिजेनाशी झाली. आईने आधी डाळीला बोल लावला, मग वाण्याला, मग कुकरच्या रिंगला. मोगऱ्याची पानं कडेने करपली. एका सकाळी वडिलांनी चहाचा घोट घेऊन विचारलं, "दूध बदललंस का?" दूध तेच होतं. विहिरीचं पाणी मचूळ, खारट झालं होतं.

नळ तेव्हा आमच्या गल्लीत आलेला नव्हता. पिण्याचं पाणी आई शेजारच्या वाडीतून आणू लागली, स्वयंपाक आपल्याच पाण्यावर, मीठ हात राखून घालून. शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या विहिरीचं पाणी अजून गोड होतं. "ने गो, पानी काय सरतंय काय?" त्या म्हणायच्या. पण रोज दुसऱ्याच्या दारात हंडा घेऊन उभं राहणं आईला लागायचं. वडील आता फुलपाड्यातल्या फ्लॅटच्या गोष्टी करू लागले. घर विकायचं, म्हणजे विहीर, मोगरा, ती खिडकी, सगळंच. आई हंडा घेऊन शेजारी निघून जायची. मला तर रडूच यायचं.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "अहो, शेजारी सगळी माती आहे. पाऊस पडतो तिथेच मुरतो. आपल्या दारचा पाऊस गटारात जातो. विहिरीला काय मिळतं? खाडीचं खारं पाणी."

"लाद्यांचा काय संबंध?"

"एक थेंब थांबत नाही, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

वडील ताटावरून उठले. पुढे कितीतरी दिवस घरात कामापुरतंच बोलणं. मी मनातून वडिलांच्या बाजूची होते. आई बरोबर असेलही, पण त्यांच्या हातच्या कामाबद्दल असं बोलायला नको होतं, असं मला वाटे.

मग एका रविवारी ठणठण आवाजाने जाग आली. वडील पहार घेऊन विहिरीपासून लाद्या उचकटत होते. लादी काही सुटेना. "कुठल्या गाढवाने एवढी घट्ट बसवलीय!" ते स्वतःशीच करवादले. आई खिडकीत उभी होती. ती हसली नाही. दुपारी पायरीजवळच्या शेवटच्या लाद्यांशी ते आले तेव्हा बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्या खुर्चीपुरत्या तरी राहू द्या."

निघालेल्या लाद्या आम्ही नव्या वाफ्यांच्या कडेला उभ्या पुरल्या. विहिरीपासून जरा अंतरावर खड्डा खणला, त्यात विटांचे तुकडे आणि वाळू भरली आणि छपराची पन्हळ तिकडे वळवली. त्या पावसाळ्यात अंगणात घोटाभर चिखल. वडील चप्पल हातात धरून, शिव्या देत फाटकापर्यंत जायचे. आणि एवढं करून पाणी मचूळ ते मचूळच. शेजारी इमारती उठत होत्या, त्यांचे पंप दिवसभर चालत. दोष फरशीचा की पंपांचा, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. वडील चुकूनही "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाले नाहीत, याचं मात्र मला आजही कौतुक वाटतं.

आणखी एक पावसाळा गेला. दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आम्ही जेवायला बसलो होतो. वडिलांनी आमटीचा भुरका मारला.

"मीठ कमी आहे."

आईच्या स्वयंपाकाला नाव ठेवणं म्हणजे घरात आगीला आमंत्रण. मी मान खाली घातली.

"रोजच्याइतकंच घातलंय," आई फणकारली. मग एकाएकी ताटावरून उठली, स्वयंपाकघरात जाऊन विहिरीच्या पाण्याच्या बादलीत फुलपात्र बुडवलं आणि उभ्याउभ्याच एक घोट घेतला. मग दुसरा.

परत येऊन बसली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"पुन्हा म्हणा," ती वडिलांना म्हणाली.

"काय म्हणू?"

"मीठ कमी आहे म्हणून."