टाकाऊ पाण्याची नळी

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या काकांचे मासे मरत नाहीत. माझे मरतात. सिंकखाली पाणी शुद्ध करायचा आरओ फिल्टर बसवला, एक नळी शुद्ध पाण्याची, एक टाकाऊ पाण्याची, तरी मरतच राहिले. शेवटचा एक उरला, तेव्हा लेक काकांनाच बोलावून आली.

काकांनी बूट दाराशी जुळवून ठेवले, खिशातून पाण्याची शुद्धता मोजायचा पेनासारखा मीटर काढला आणि "बघूया हं" म्हणत सिंकखाली वाकले. तिथेच थबकले. महिनाभर मी शुद्ध पाणी ड्रेनमध्ये सोडत होतो आणि टाकाऊ पाणी माशांना पाजत होतो! काकांनी गुपचूप नळ्यांची अदलाबदल केली.

"काका, बाबानं मेस अप केलं ना?" लेकीनं विचारलं.

"छे गं, कनेक्शन लूज होतं."

मासा वाचला. पूर्वी मी नुसता काकांच्या माशांवर जळायचो. आता त्यांच्या त्या "छे गं"वरही जळतो. मासे निदान दुकानात तरी मिळतात.