खाली सरकणारी सीट

धारवाल्याचा गुडघा दुखायला लागला तेव्हा आधी त्याची चेष्टाच झाली. माणूस अंगाने इतका काटकुळा की गल्लीतली पोरं त्याला सुरीकाका म्हणायची. "काका, जगाला धार लावता लावता तुम्हीच बोथट झालात की!" असं म्हणून शिंपी हसला, तेव्हा तोही हसला. पण संध्याकाळी घराच्या पायऱ्या चढताना त्याने कठडा दोन्ही हातांनी धरला, आणि ते त्याच्या बायकोने खिडकीतून पाहिलं.

त्याचा सगळा धंदा सायकलवर. सायकल चालवत वस्तीत जायचं, ती स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाचा पट्टा हँडलजवळच्या दगडी चाकावर चढवायचा, आणि सीटवर बसल्या बसल्या पायडल मारत सुऱ्या-कात्र्या त्या दगडाला लावायच्या. म्हणजे रस्त्यातही पायडल आणि कामातही पायडल. पाय थांबले की दगड थांबला, आणि दगड थांबला की चूल.

म्हणून बायकोने त्या गुडघ्याची नुसती सेवा मांडली. तेल चोळलं, गरम पाण्याने शेकलं, आवळून बांधायचा पट्टा आणला. तो उठता-बसता "आई गं" म्हणायचा आणि ती तेलाची बाटली घेऊन धावायची. मोठा हट्टी माणूस. दुखणं अंगावर काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. शेवटी तीच त्याला ओढत फिजिओथेरपिस्ट बाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी सायकल आणायला सांगितली, त्याला वर बसवलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ही सीट काय नातवाची आहे? एवढ्या खाली बसून दिवसभर पायडल मारलंत तर लोखंडाचे गुडघेसुद्धा बोंबलतील."

"बोल्ट ढिला झालाय, आपोआप सरकते," तो म्हणाला.

सीट वर झाली. थोड्याच दिवसांत पायऱ्या चढताना कठडा लागेनासा झाला. बायकोला वाटलं, सुटलो. तेवढ्यात एके दुपारी शिंपी दारात आला. हातात त्याची मोठी कात्री, बापाच्या वेळेपासूनची, काकांनी नुकतीच धार लावलेली. पात्याची कड काळीनिळी झाली होती आणि वाकडी झिजली होती.

"वहिनी, काकांना काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "पण मी आता दुसरीकडे देतो."

तिने नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला पोलादच हलकं होतं. तिचं मन मानेना. त्यातच आठवड्याभराने "आई गं" परत सुरू झालं. ती पाना घेऊन अंगणात गेली. सीट पुन्हा खाली! हा मेला बोल्टच सगळ्याच्या मुळाशी, असं पुटपुटत ती तो आवळायला गेली, तर तो तसूभर हलेना. कचकचून आवळलेला होता. सीटखालच्या नळीवर गंजाच्या कड्या उमटल्या होत्या, एकाखाली एक. सीट आपोआप सरकत नव्हती. कोणीतरी ती थोडी थोडी करत खाली आणली होती, आणि दर वेळी घट्ट केली होती.

तो दारात उभा होता. तिने पाना खाली ठेवला.

"बसा बघू सीटवर."

तो बसला. सवयीने पुढे वाकला. नाक दगडाला लागेल इतका खाली. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने त्याचा उजवा अंगठा हातात घेतला. जी धार पूर्वी तो नुसती उन्हाकडे धरून बघायचा, ती आता अंगठ्याने चाचपत होता. कातड्यावर चिरांची जाळी झाली होती.

"अहो, तुम्हाला दिसत नाही?"

त्याने अंगठा तिच्या हातातून सोडवून घेतला.

"दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! मी वेडी वर्षभर तो गुडघा चोळत बसले!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं.

"गुडघ्याचं सांगता येतं गं," तो म्हणाला. "गुडघा दुखतो म्हटलं की लोक खुर्ची देतात. डोळ्यांचं कळलं तर सुरी कोण देणार हातात?"

"नुसता चष्मासुद्धा लागेल."

"बाबांनाही असंच सांगितलं होतं."

सासऱ्यांची शेवटची वर्षं तिला आठवली. तेही धारवालेच. खाटेवर बसून असायचे, आणि कुठे जायचं झालं की या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मागून चालायचे. सायकल त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन निघाली. सायकल घरीच राहिली. कोपऱ्यावरच्या मोठ्या रस्त्याशी तो थांबला.

"गुडघा फार दुखतोय. उद्या जाऊ."

तिने गुडघ्याकडे पाहिलंच नाही. रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती आणि तो भलतीकडेच बघत होता. तिने त्याचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. त्याने खांदा घट्ट धरला. ती पुढे चालू लागली.