मामाच्या कळशीतलं तीर्थ

विहिरीवरची जळालेली मोटार नव्या तारेने भरून घ्यायची, तर जळगाव जामोदात भागवतकडेच जावं लागतं. हात सोन्याचा, तोंड मात्र तिखट. मोटार घेऊन आलेला माणूस आधी शिव्या खातो, कारण बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी दिसली की त्याला तिच्यावर बोटाने टकटक केल्यावाचून राहवत नाही.

टाकीत समुद्र आहे. खरा समुद्र पाचशे किलोमीटरवर, पण भागवतने खास मीठ मागवून, मोजून-मापून तो घरीच बनवला. दगडांना धरून बसलेली प्रवाळं, तळाला बारीक वाळू, आणि वाळूत पाइपाच्या तुकड्यात जोडीने राहणारे दोन पिवळे गोबी मासे, करंगळीएवढे. पोहायचा त्यांना भारी कंटाळा. चावडीवरच्या म्हाताऱ्यांसारखे ते पाइपाच्या तोंडाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे वटारून पाहतात. गोबी म्हणजे इकडे फुलकोबी, तेव्हा गावाने थट्टा करायची ती केलीच. "भागवतराव, गोबी निघाली का बाजारात?" असं अजूनही कोणी ना कोणी विचारतो.

बायको आशाबाई माळकरी. या घरात मासा कधी शिजला नाही, आता मात्र जावयासारखा राहतो. भागवतच्या हातात दिवसभर तांब्याची तार, आणि तांबं म्हणजे या माशांना विष. म्हणून टाकीत हात घालण्याआधी तो कोपरापर्यंत हात घासतो. आशाबाई म्हणते, "जेवाच्या आधी तरी असे धुवत जा हो!"

धाकटी बहीण जयमाला याच माशांपायी त्याच्यावर खार खाऊन होती. तिच्या लेकीच्या, रेणुकाच्या साखरपुड्यालाच टाकीचा पंप बंद पडला आणि मामा काही पोचला नाही. दुसऱ्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, लग्नात पोरीच्या मांगं मामा उभा नसला, तर मी तुह्यं तोंड पाहणार नाही. सांगून ठेवते."

जयमाला बोलली की बोलली. तिने एका नणंदेशी नऊ वर्षं अबोला धरला होता, तोही पापडावरून.

लग्न मे महिन्यातलं, गावातल्याच मंगल कार्यालयात, मुहूर्त साडेबाराचा. सकाळी आठला गल्लीची डीपी जळाली आणि वीज गेली. दहाला इन्व्हर्टरने मान टाकली. टाकीतलं पाणी तापू लागलं. भागवतने एक बॅटरी जोडून पंप चालू ठेवला, बर्फाच्या बाटल्या सोडल्या. पण बर्फ तासाभरात विरघळणार, आणि बाटल्या बदलायला घरी कोण? अख्खी गल्ली लग्नाला निघालेली. मासे सोडून जावं तर ते मरतात, थांबावं तर बहीण जाते. भागवतला रडूच यायला लागलं.

कार्यालयात जनरेटर आहे, मोठमोठे कूलर आहेत, हे आशाबाईलाच आठवलं. म्हणाली, "मंग त्याइलेबी न्या लग्नाले. पत्रिकेत सहकुटुंब लिहेल आहे."

भागवतने पाइपाची दोन्ही तोंडं अंगठ्यांनी बंद केली आणि बिऱ्हाडासकट जोडी उचलली. प्लास्टिकची नवी कोरी कळशी टाकीच्या पाण्याने अर्धी भरली. बॅटरीवरचा हवेचा पंप सदऱ्याच्या खिशात, नळी कळशीत. गोबी उडी मारण्यात पटाईत, म्हणून तोंड बांधायला हवं. लग्नात फडकं बरं दिसत नाही म्हणून आशाबाईने जरीकाठी खण बांधला. घोळ झाला तो इथेच.

जरीचा खण बांधलेली कळशी छातीशी धरून वधूचा मामा बोहल्यावर चढला, तेव्हा लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. नवरदेवाची आत्या विमलबाई पुढे आली आणि तिने कळशीला हळदकुंकू लावून नमस्कार केला. एकीने केलं म्हटल्यावर मागे रांगच लागली. भागवत खण घट्ट दाबून उभा. खिशातला पंप घुर्रघुर्र करत होता.

"भागवतराव, फोन वाजून राह्यला तुमचा," कोणीतरी म्हणालं.

"वाजू द्या."

तेवढ्यात भटजींनी विचारलं, "हे कुठलं पाणी?"

आता खोटं तरी काय बोलणार? "समुद्राचं," भागवत म्हणाला.

"सागराचं तीर्थ! वा!" असं म्हणत भटजींनी तांब्याची पळी पुढे केली. भागवत दोन पावलं मागे सरला.

"तांबं नाही चालत!"

भटजींच्या चाळीस वर्षांच्या भिक्षुकीत तांबं न चालणारं तीर्थ पहिल्यांदाच आलं होतं. कुठल्या देवाचा असा नियम आहे, हे विचारायची मात्र त्यांना लाज वाटली. शेवटी आंब्याचं पान ठरलं. भागवतने खणाचा एक कोपरा सैल केला, पान बुडवून नवरा-नवरीवर शिंपडलं. जीवन, म्हणजे नवरदेव, ओठ चाटून तोंड वाकडं करू लागला. आणि त्या सैल कोपऱ्यातून नर गोबी टुणकन उडाला, तो थेट रेणुकाच्या अक्षतांच्या ओंजळीत.

रेणुका ओरडली नाही. मामाकडे सुट्टीला आली की या माशांना तीच खायला घाले. तिने ओंजळ तशीच कळशीत बुडवली, चार अक्षतांसकट. एव्हाना भटजी डोळे मिटून मंगलाष्टकं म्हणू लागले होते. पाहिलं ते फक्त जयमालाने.

अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि जयमालाने भावाला दंडाला धरून कूलरमागे नेलं.

"माह्या पोरीच्या लग्नात मासे? काऊन रे?"

"घरी लाइन नाही. तिथं राह्यतो तर तू गेली असती, इथं येतो तर हे मेले असते. मले निवडता नाही आलं, जया. म्हणून सगळ्याइले घेऊन आलो."

जयमालाने खण उचलून आत पाहिलं. दोघंही पाइपाच्या तोंडाशी येऊन तिच्याकडेच पाहत होते.

"नर कोणता?"

"उजवा."

"त्याइचं खाणं आणलं का?"

"नाही."

"मंग? माह्या दारून उपाशी जातील हे?"

"सांजच्यापर्यंत काही होत नाही त्याइले."

पाठवणीची वेळ झाली. गाडी दारात लागली, बायकांचं रडणं सुरू झालं. भागवत कळशी धरून खांबापाशीच उभा. ती खाली ठेवावी तर लहान पोरं खणाला हात घालायची. जयमाला डोळे पुसत आली आणि तिने कळशी त्याच्या हातातून काढून घेतली.

"दे इकडं. पंप कुठं लटकवू ते सांग. जाय, मामा झाला ना तू? तिले गाडीत बसव."

"अन् तू? तुही पोरगी आहे."

"मी तिले रात्रभर कुशीत घेतलं काल," जयमाला म्हणाली आणि खणाचा कोपरा मुठीत आवळून धरला. "तुह्यं राह्यलं आहे. जाय."