बटणांतून बोलणारा खटखट्या

खटखट्या तोंडाने क्वचितच बोलायचा. पुण्यात कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं भाड्याने राहायचो. मी "चहा घेणार का?" म्हणून हाक मारली, की हा अकोल्याचा गृहस्थ शेजारच्या खोलीतून माझ्या मोबाइलवर 'हो' टाइप करून पाठवायचा. त्याच्या मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे काका वर येऊन "फरशी बसवताय का?" एवढंच विचारून जायचे.

कीबोर्ड त्याने स्वतः जोडलेला. कोणतं बटण दाबल्यावर काय उमटावं, हे ठरवणारं आतलं फर्मवेअर जगाला खुलं होतं. कुणीही घ्यावं, हवं तसं बदलावं. "कोणाच्या बापाचं नाही ना बे ते!" हे त्याचं सर्वांत लांब वाक्य. त्या आनंदात तो दर रविवारी आंघोळीआधी बटणांच्या जागा बदलायचा, आणि सोमवारी साहेबांना भलतंच काहीतरी लिहून जायचं.

"मग बदलतोस कशाला?"

"बदलता येते म्हणून."



अशा माणसाचं लग्न जमायचं कसं? आलेली स्थळं त्याच्या मौनापायी परत गेली. एका मुलीच्या मामांनी "मुलाला बोलता येतं ना?" असं तोंडावर विचारलं, तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग विश्रांतवाडीचं स्थळ आलं. मुलगी त्याला फोटोतच फार आवडली होती. हे त्याने मला चक्क बोलून सांगितलं, म्हणून मी घाबरलो. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून त्याने एका छोट्या कीबोर्डच्या एकेका बटणात अख्खं उत्तर भरलं. मुलीने विचारावं, याने बटण दाबावं, लॅपटॉपवर उत्तर यावं.

बघण्याचा कार्यक्रम आमच्याच फ्लॅटवर ठेवला. पोहे झाले. "मुलांना बोलू द्या," म्हणत मोठी माणसं गॅलरीत गेली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो, कान बाहेर. वार रविवार होता, आणि गृहस्थ सवयीने सकाळीच त्या छोट्या कीबोर्डच्याही सगळ्या जागा बदलून बसला होता.

"स्वयंपाक येतो का तुम्हाला?"

खट्. 'हो, पण आईबाबांना विचारूनच.'

"परदेशी जायचा विचार आहे?"

खट्. 'फक्त वरणभात आणि ऑम्लेट.'

"लग्नानंतर मी नोकरी केलेली चालेल?"

खट्. 'दिवाळीत, अकोल्याला.'

उत्तरं मोठ्याने वाचता वाचता मुलगी हसत सुटली. याचा चेहरा मात्र उतरला. मग ती म्हणाली, "बरं, शेवटचं. मी आवडले का तुम्हाला?"

या उत्तराचं बटणच नव्हतं. तरी तो वेडा सगळी बटणं चाचपत राहिला. मी गाळणं धरून उभा. बोल रे बाबा, बोल!

"हो," खटखट्या म्हणाला. मग कीबोर्ड बाजूला सारून, "लय आवडल्या."

लग्न ठरलं. त्याने विश्रांतवाडीलाच घर घेतलं. सामानाचा टेम्पो निघायच्या वेळी त्याने माझा हात धरला आणि बोलायला जी सुरुवात केली, ती थांबेचना. वेळेवर जेवत जा, खोकला अंगावर काढू नको, एकटा काहून राहतोस, तूही लग्न कर. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मला, शब्दाला शब्द लावणाऱ्या पुणेकराला, "जपून जा" एवढंही म्हणता आलं नाही.