पांढऱ्या गाडीला सगळे वाट देतात

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी विज्ञान शिकलं नव्हतं. त्यामुळे विज्ञानापायी आमच्या घराण्यावर कधी संकटही आलं नव्हतं.

मी बी.एस्सी. फिजिक्स. सात पिढ्यांतली पहिली पदवीधर. (पाच पिढ्यांचं नक्की माहीत नाही, पण कुणी झालं असतं तर बाबांनी ते आजवर दहादा सांगितलं असतं.) निकाल लागला तेव्हा बाबांनी मुलुंडच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले, आणि ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांना मुद्दाम दोन-दोन दिले. तेव्हापासून घरात माझा शब्द शेवटचा. कुकरची शिट्टी होत नसली तरी बाबा आईला सांगायचे, "वैशूक विचार गो. ती बी.एस्सी. आसा!"

बाबा रिटायर झाले आणि आम्ही एक सेकंडहँड व्हॅन घेतली. खानदानातली पहिली चारचाकी! चालवणार कोण? मीच. तिचा मूळचा रंग कुठला होता ते तिला स्वतःलाही आठवत नसावं. म्हणजे रंगवणं आलं, आणि रंगवणं आलं म्हणजे घरात भांडण आलं.

"लाल," बाबा म्हणाले. "जास्वंदीसारखी."

"आमरसासारखी करूया," आई म्हणाली.

"शी! काळी," माझी धाकटी बहीण सुप्रिया म्हणाली. "काळी म्हणजे क्लास, यार ताई."

मी खुर्चीवरून उठले. (पदवीधर माणूस महत्त्वाचं बोलताना उभा राहतो.) "मुंबईचं ऊन आणि काळी गाडी? आत बसून इडल्या वाफवायच्यात का? पांढरा रंग उष्णता परावर्तित करतो. गाडी पांढरीच."

"कशावरून?" सुपूने विचारलं.

बस. मी सगळ्यांना गच्चीवर नेलं. एका डब्याला काळा रंग, एकाला पांढरा, दोघांत नळाचं पाणी, आणि वर एप्रिलचं ऊन. दुपारी बाबांनी दोन्हींत बोटं बुडवली आणि काळ्यातलं बोट झटकन बाहेर काढलं. मग गच्चीवर वाळवण घालणाऱ्या सगळ्या बायकांना बोलावून त्यांचीही बोटं बुडवून घेतली. "माझ्या चेडवान शोध लावल्यान!" ते सांगत सुटले. न्यूटनच्या वडिलांना एवढा आनंद झाला नसेल.

गाडी पांढरी झाली. साधी नाही, दुधासारखी पांढरीशुभ्र. (रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, तीही मीच करून आणली. आमच्यात अर्ज वाचून मग सही करणारी मी पहिलीच.)

आणि लगेच सुपूचा साखरपुडा ठरला. मुलगा निखिल दळवी, बोरिवलीचा, सालस. मुहूर्त खरा पावसाळ्यानंतरचा होता, पण निखिलचे आजोबा हॉस्पिटलातून नुकतेच घरी आले होते आणि म्हणत होते, "माझ्या डोळ्यांदेखत उरका." सगळं छान होतं. भीती एकाच गोष्टीची, ती म्हणजे निखिलची आत्या. शकुन-अपशकुनात ती एवढी पक्की, की एका भाच्याचा साखरपुडा तिने दारात कुणी शिंकलं म्हणून पुढे ढकलला होता, आणि ते लग्न नंतर झालंच नाही. सुपूला निखिल मनापासून आवडला होता. ती रोज रात्री मला विचारायची, "ताई, काही होणार नाही ना गं?"

"मी आहे ना," मी म्हणायचे. "सगळं माझ्यावर सोड."

तिने सोडलं!

साखरपुड्याच्या दिवशी मे महिन्याचं ऊन नुसतं पेटलं होतं. बाकीची मंडळी परस्पर बोरिवलीला येणार होती. व्हॅनमधून आम्ही चौघं आणि आईने घरी केलेलं पातेलंभर आम्रखंड. ते वाटेत आंबलं तर? मी मासळी बाजारातून बर्फाची लादी आणली, मागची सीट काढून ती लांबलचक लादी मधोमध ठेवली, आणि लवकर वितळू नये म्हणून पांढऱ्या चादरीत नीट गुंडाळली. उष्णतारोधन! खिडक्यांना पांढरे पडदे लावले. परावर्तन! बाबांना मी लाल झब्बा घालू दिला नाही. "पांढरा सदरा-लेंगा घाला, पांढरी टोपी घाला." तेही परावर्तन! बाबांना फ्रीजचं पाणी चालत नाही, म्हणून त्यांच्या मांडीवर पाण्याने भरलेलं एक छोटं मडकं दिलं. बाष्पीभवन!

विज्ञानाचं काम संपलं तिथे बाबांनी धर्माचं सुरू केलं. नवा रंग म्हणजे नवी गाडी, तेव्हा पूजा हवीच. त्यांनी पुढे शेवंतीचा जाडजूड हार घातला आणि डॅशबोर्डवर अख्खा अगरबत्तीचा पुडा पेटवून खोचला.

आई गाडीत चढता चढता थांबली. तिने हार बघितला, अगरबत्ती बघितली, मडकं घेतलेले बाबा बघितले, मग मागची चादर बघितली. "वैशू, माका ह्या काय बरा दिसणा नाय."

"आई, प्रत्येक गोष्टीमागे शास्त्रीय कारण आहे," मी म्हणाले.

आई देवाचं नाव घेत गाडीत चढली.

आम्ही निघालो. आणि काय सांगू, त्या दिवशी रस्त्याने आम्हाला जो मान दिला तो मंत्र्यालासुद्धा मिळत नसेल! भांडुपला एक टँकर आपणहून बाजूला झाला. पवईला एक बाइकवाला आमच्या शेजारी आला, बाबांकडे बघितलं, कपाळाला आणि छातीला हात लावला आणि मागे सरकला. जोगेश्वरीला तर ट्रॅफिक हवालदाराने समोरची सगळी रांग अडवून आम्हाला आधी सोडलं. वर मान खाली घालून उभा राहिला!

"बघलंस मां?" बाबांचा ऊर भरून आला. "शिकलेल्या माणसाक लोक वाट देतत."

मलाही भरून आलं. म्हटलं, मुंबई बदलली. बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर पूर्वी लोक हॉर्न मारायचे, आता नमस्कार करतात. मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांना उलट नमस्कार करत होते. हसत हसत!

मागे सुपू काजळ पसरू नये म्हणून डोळ्यांना रुमाल लावून, डोक्यावरून ओढणी घेऊन, लादीच्या बाजूला पाटावर मान खाली घालून बसली होती. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. पडदा वाऱ्याने उडाला की हे दृश्य बोरिवलीच्या जनतेला दिसत होतं.

सोसायटीच्या गेटवर वॉचमनने नाव-गाव काही विचारलं नाही. टोपी काढली आणि हळूच गेट उघडलं. मी गाडी भर उन्हात लावली. (मुद्दाम! सावलीत लावायला विज्ञान कशाला हवं?) बाबा मडकं घेऊन उतरले. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका धावत आले.

"कुणाकडे?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"दळवींकडे. चौथा मजला."

काका मटकन शेजारच्या स्कूटरवर बसले. "अरेरे! आजोबा! परवाच तर घरी आले होते हो."

"हो ना. सगळं अचानकच ठरलं," मी म्हणाले.

"अचानकच असतं, ताई. आपल्या हातात काय असतं!"

"तसं नाही, त्यांची स्वतःचीच इच्छा होती. म्हणाले, लवकर उरका."

काकांनी चष्मा पुसला. "शेवटपर्यंत कुणाला त्रास नको, असा माणूस." मग घसा खाकरून विचारलं, "बॉडी कुठाय?"

आता मला सांगा, जिने गाडीच्या रंगासाठी घरादाराशी भांडण केलं, तिला कुणी बॉडीबद्दल विचारलं तर ती काय समजणार?

"ही काय समोर!" मी अभिमानाने गाडीवर थाप मारली. "लोक म्हणत होते जुनी आहे, काही खरं नाही. पण बॉडी एकदम झकास! मागे थोडी सडली होती, तेवढं पत्रा मारून घेतलं."

"पत्रा?" काका कसेबसे म्हणाले.

"मग वरून रंग दिला. हात लावून बघा ना काका, लाजू नका. एवढ्या उन्हात उभी आहे, तरी कशी थंडगार!"

काका दोन पावलं मागे सरले. नेमका त्याच वेळी मागच्या दारातून बर्फाचं पाणी टपटप गळायला लागलं. त्यांनी ते बघितलं, चादरीतली लांबलचक लादी बघितली, रुमालात तोंड लपवलेली सुपू बघितली, आणि खिशातून फोन काढला.

सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडली आणि वाट लागली! बिल्डिंगमधून माणसं उतरायला लागली. बायकांनी सुपूला मिठ्या मारल्या. "रड गं पोरी, रडून घे." ती बिचारी काजळ सांभाळत म्हणतेय, "नाही हो, मी खूश आहे." आणि त्या एकमेकींना म्हणतायत, "धक्का बसलाय तिला." एक गृहस्थ बाबांच्या हातातल्या मडक्याकडे बघून म्हणाले, "खांद्यावर घ्या, तसं घेत नाहीत." बाबांना वाटलं, इकडची पद्धत असेल. त्यांनी घेतलं खांद्यावर!

ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलींचा पाऊस पडत होता, आणि दर श्रद्धांजलीखाली एकच उत्तर येत होतं: 'धन्यवाद.' कारण आलेल्या प्रत्येक मेसेजला न वाचता धन्यवाद म्हणायची सवय ज्यांना होती, ते स्वतः आजोबाच होते.

शेवटी त्यांनी एक मेसेज वाचला असावा. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत एक लुकडी मूर्ती आली आणि ओरडली, "अहो, कुठे शोधताय मला? मी वर आहे, वर!"

खाली एका काकूंनी किंकाळी फोडली.

आणि मग जिच्यामुळे सुपूच्या रात्रीच्या झोपा उडाल्या होत्या, ती आत्या जिन्यातून खाली आली. तिने सगळं एका नजरेत बघितलं. हार. अगरबत्ती. चादर. खांद्यावर मडकं घेतलेला मुलीचा बाप. "अपशकुन!" ती म्हणाली. "शुभकार्याला कुणी शववाहिनी घेऊन येतं? आज काही होणार नाही. आज काय, कधीच होणार नाही!"

सुपूच्या डोळ्यांवरचा रुमाल खाली आला. काजळ आता खरंच पसरलं होतं. मी पुढे झाले आणि जे मला येतं तेच केलं. "आत्या, त्याचं काय आहे, पांढरा रंग सूर्याची किरणं..."

"गप बस गं ताई!" सुपू कळवळून म्हणाली. माझ्या शब्दाला घरातून झालेला तो पहिला विरोध.

निखिलच्या हाताला धरून आजोबा खाली उतरले. लिफ्ट होती, पण त्यांना सगळ्या मजल्यांवरच्या लोकांना आपलं दर्शन द्यायचं होतं. ते सरळ आत्यासमोर उभे राहिले. "काय गं, शकुन तुला जास्त कळतात की मला?"

"अण्णा, अहो पण..."

"ज्याच्या मरणाची खोटी आवई उठते त्याचं आयुष्य वाढतं. तुझ्या आजीने सांगितलेलं. खरं की खोटं?"

आत्या गडबडली. शकुन पक्का होता आणि तिच्याच पाठांतरातला होता! "खरं," ती पुटपुटली.

"डॉक्टरने एवढी औषधं दिली, आयुष्य वाढेल असं एकदाही म्हणाला नाही. आणि या मुलीने उंबरठा ओलांडायच्या आधीच वाढवलं. हिला परत पाठवतेस? जा, ओवाळायचं ताट आण."

आत्या गेली आणि खरोखर ताट घेऊन आली. तिने आधी सुपूला ओवाळलं, मग आजोबांना, आणि थोडं थांबून, लांबूनच, गाडीलाही.

साखरपुडा झाला. सांत्वनाला जमलेली अख्खी सोसायटी आम्रखंड खाऊन गेली. सेक्रेटरी काकांनी तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "काय थंड आहे हो!" आता सुपू त्याच घरात नांदतेय, आणि आत्या तिला कुठेही निघताना दही देते. आजोबांची तब्येत एवढी सुधारलीय की डॉक्टरच कारण विचारतात.

मी गाडीचा रंग बदलला नाही. का बदलू? विज्ञान चुकलेलं नाही; भर दुपारी बॉडी आजही थंड असते, आणि चालवणारी खानदानातली पहिली ड्रायव्हर आहे. फक्त लोकांनी उगीच टोप्या काढू नयेत म्हणून मी मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'आतले सगळे जिवंत आहेत.' बाबांनी मला न विचारता खाली आणखी एक ओळ वाढवली, 'चालक: कु. वैशाली, बी.एस्सी. (फिजिक्स).'

परवा घाटकोपरच्या सिग्नलला एक रिक्षावाला मागून पुढे आला. त्याने दोन्ही ओळी सावकाश वाचल्या होत्या.

"ताई," तो म्हणाला, "खालची लाईन वाचली तेव्हा समजलं, वरची का लिहावी लागली!"